टाळ्या वाजवणारं गाव

डोंगराच्या पार माथ्यावर, ढगांच्या शेजाराला, साठ उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावात धान्य पिकायचं, विहिरींना बारमाही पाणी असायचं. नव्हता तो फक्त वैद्य. वैद्य राहायचा खाली, नदीकाठच्या गावात. तिथे जायला एकच पायवाट होती आणि ती इतकी उभी होती की बैलगाडी सोडाच, घोडंही तिथून उतरायला कचरायचं.

त्या गावात ठकू नावाची एक बाई शेळ्या राखायची. एका वर्षी तिची धाकटी बहीण तापाने फणफणली. ठकूने तिला पाठीवर घेतलं आणि एकटीच वाट उतरू लागली. अर्ध्या वाटेवर बहिणीचे हात तिच्या गळ्याभोवती सैल पडले. बहीण वाटेतच गेली. मग एक दिवस तिने दोन जाड बांबू तोडून आणले, मध्ये घोंगडी बांधली, डोली तयार केली आणि गावभर सांगितलं, की यापुढे कोणी आजारी पडलं तर मला हाक मारा. गावचा कुंभार आणि दोघे पाथरवट भाऊ तिच्या जोडीला आले. बांबूंची टोकं चार, खांदे चार.

सात वर्षं त्या चौघांनी माणसं उतरवली. कधी पाऊस बघितला नाही, कधी ऊन. पण बदली माणूस नसल्यामुळे दर वळणावर डोली टेकवून दम खावा लागे. आणखी चार जण असते तर आळीपाळीने खांदा देऊन निम्म्या वेळात खाली पोचता आलं असतं.

म्हणून ठकू दारोदार फिरली. पाटील म्हणाले, तुम्ही आहात की, मग आम्हाला काय घोर? वाण्याला दुकान सोडवेना. तालमीतल्या पैलवानांना भीती वाटली, की बांबूने खांदा सोलवटला तर जत्रेतली कुस्ती जायची. एका बाईने तर मागच्या खेपेला डोली फार हलली म्हणून ठकूलाच चार शब्द सुनावले. ती बाई त्याच डोलीतून जाऊन बरी होऊन आली होती.

ठकूच्या मनात आलं, की बांबू मोडून चुलीत घालावेत. पण घातले नाहीत.

पाहुणे आले की मात्र हेच गाव छाती फुगवून सांगायचं, की आमच्याकडे डोली आहे. शेवटी पाटलांनी डोलीवाल्यांचा सत्कार करायचं ठरवलं. देवळापुढे मांडव पडला, झेंडूचे हार आले, ढोल आले. ठरल्या दिवशी सकाळी सगळं गाव मांडवात जमलं.

त्याच सकाळी गावची सुईण गोदाआजी गोवऱ्या काढायला गेली आणि रचलेल्या गोवऱ्यांतून फुरसं तिच्या उजव्या हाताला डसलं.

ठकू धावत तिथे पोचली. हात मनगटापर्यंत सुजला होता. पाथरवट भाऊ डोली घेऊन आले. कुंभाराचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता, तो लंगडत आला. ठकू तशीच मांडवात गेली आणि म्हणाली, "गोदाआजीला सर्प चावलाय. कुंभाराचा पाय धड नाही. मला आत्ता पाच खांदे पाहिजेत."

वाण्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. पैलवानांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटील उठले आणि आवाज चढवून म्हणाले, की बघा, याला म्हणतात सेवा, सत्काराच्या दिवशीसुद्धा हे लोक निघाले. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मांडवाने वाजवल्या. ढोलही वाजले.

टाळ्यांच्या त्या कडकडाटात डोली निघाली. एक टोक लंगड्या कुंभाराच्याच खांद्यावर होतं. ठकूचे दात एकमेकांवर असे घट्ट बसले होते की तिला धड श्वासही घेता येईना. दर शंभर पावलांवर कुंभार कळवळायचा, डोली टेकायची. गोदाआजी मात्र कण्हत कण्हत त्यालाच धीर देत होती.

डोली खाली पोचली तेव्हा उन्हं कलली होती. वैद्याने शर्थ केली. जीव वाचला. मग तो हात पुसत बाहेर आला आणि ठकूला म्हणाला, "दुपारच्या आत आणलं असतं तर हातही वाचला असता. आता त्या बोटांची मूठ वळायची नाही."

चौथ्या दिवशी चौघं वर परतली. हार सुकले होते, म्हणून पाटलांनी नवे आणवले होते. सत्कार राहून गेला, तो उरकून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. लोक पुन्हा मांडवात जमले. पाटील हार घेऊन पुढे झाले, तेव्हा ठकूने तो हातानेच अडवला आणि लोकांकडे वळली.

"ज्यांना जन्मताना गोदाआजीने झेललं, त्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला, मग दहा, मग जवळजवळ सगळेच. म्हातारेकोतारे सोडले तर मांडवात कोणाचा हात खाली राहिला नाही.

"नीट बघून घ्या हे हात," ठकू म्हणाली. "धडधाकट आहेत. आजीला डोलीत घातली तेव्हा हे हात टाळ्या वाजवत होते. तुम्हाला झेलणारा हात आता लुळा पडलाय. फुरशाने घेतला त्याहून जास्त तुम्ही घेतलाय. आम्हाला हार नको. तुमचं कौतुक डोलीत घातलं तर तेवढंच ओझं वाढेल. खांदा द्यायचा असेल तर उद्या सकाळी वाटेच्या तोंडाशी या. नसेल तर आमच्याबद्दल यापुढे एक चांगला शब्दही बोलू नका."

ती मांडवातून निघून गेली. पाटलांना राग आला, ते हार तिथेच टाकून घरी गेले आणि पुढे कधी डोलीच्या वाटेला फिरकले नाहीत. वर गेलेले हात मात्र हळूहळू खाली आले आणि कितीतरी वेळ कोणाला कोणाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेच्या तोंडाशी अकरा जण उभे होते. वाणी होता, तिघे पैलवान होते, डोली हलली म्हणून बोलणारी ती बाईही होती. ठकूने कोणालाही शाबासकी दिली नाही. तिने डोलीत दगड भरले, बांबू त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि वाट उतरायला लावली. संध्याकाळी अकराही जणांचे खांदे सोलवटलेले होते. त्यातले नऊ जण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

महिन्याभराने एक अडलेली बाळंतीण खाली न्यायची वेळ आली. आता तिला मोकळं करायला गोदाआजीचा हात नव्हता. तेरा जणांनी पाळीपाळीने खांदा दिला आणि डोली वाटेत एकदाही टेकली नाही.

तात्पर्य एवढंच: गावासाठी झटणाऱ्यांचं कौतुक करून आपली सुटका होत नाही, त्यांच्या ओझ्याखाली आपलाही खांदा द्यावा लागतो, आणि तोही वेळेवर.