गंगूआजीची गिळलेली गोष्ट

डोंगराच्या कुशीत, ढग जिथे दुपारची डुलकी घ्यायला उतरतात, तिथे एक गाव होतं. हिरवंगार, नीटनेटकं. पण तिथे कुणी झोका बांधत नसे, अगदी नागपंचमीलासुद्धा. "झाड पोरींना खाली टाकतं," आया सांगत. त्यांना त्यांच्या आयांनी तसंच सांगितलेलं. त्यामुळे तिथल्या मुली पळत नसत, खेळत नसत, हसल्या तरी तोंडावर हात ठेवून हसत.

सोनकी त्यांच्यातलीच. वडील नव्हते, आई दिवसभर लोकांच्या शेतात राबायची. सोनकीच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कोणतं हे परकरालाही सांगता आलं नसतं. खेळायला कुणीच नाही, म्हणून ती गावाबाहेरच्या कदंबाशी बोलायची, त्याची सोनेरी चेंडूफुलं हळूच कुरवाळायची.

एके दिवशी गंगूआजी म्हणाली, "उद्या हा कदंब तोडा." गंगूआजी गावात सगळ्यांत मोठी. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या रात्री सोनकी झाडाला मिठी मारून रडू लागली.

तेवढ्यात एक फूल उमललं आणि त्यातून इवलीशी परी उतरली. मोरपंखी पंख, पायांत दवबिंदूंचे पैंजण.

"हे माझं घर आहे, बाळ," परी म्हणाली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण स्वतःसाठी मागायचं नाही, माझ्यासाठीही नाही. आणि जे कळेल ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर मी विझून जाईन."

सोनकीने विचार केला. "गंगूआजी कदंबाकडे बघते ना, तेव्हा तिचे डोळे भरून येतात. तिचं काय दुखतंय ते मला विचारू दे."

परीने सोनेरी पराग उधळला. धुकं झालं, आणि त्या धुक्यात दोन वेण्यांची एक चिमुरडी हुंदके देत बसलेली दिसली. सोनकी तिच्याशेजारी टेकली.

"मी साळूला जोरात झोका दिला," चिमुरडी म्हणाली. "ती नको नको म्हणत होती. पडली. पाय मोडला. मी सांगितलं, झाडानं टाकलं."

"का गं?"

"आई मारील म्हणून."

सोनकीने ठिगळांच्या परकराने तिचे डोळे पुसले. "मीपण घाबरले असते," ती म्हणाली.

सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. लंगडी साळूआजीही काठी टेकत आली. खरं काय ते सोनकीच्या जिभेवर आलं होतं. पण परी विझली तर? ती मूग गिळून गप्प राहिली आणि तिने गंगूआजीचा हात तेवढा घट्ट धरला.

गंगूआजीने त्या हाताकडे पाहिलं. रात्री स्वप्नात याच हाताने तिचे डोळे पुसले होते.

"थांबा," ती म्हणाली. "झाडानं नाही. साळूला मी पाडलं."



"ठाऊक आहे मला, गंगे," साळूआजी म्हणाली. "पाठीवर तुझाच हात होता. पाय बरा होईस्तो रोज दाराकडे बघायची मी. तू खेळायला आलीच नाहीस. पायापेक्षा तेच जास्त दुखलं बघ."

दोघी म्हाताऱ्या गळ्यात पडून रडल्या. कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या. कदंबाचं फूल न् फूल दिव्यासारखं उजळलं. परीने सोनकीच्या कपाळाची पापी घेतली आणि ती हसत आपल्या घराच्या उजेडात विरघळून गेली.

सोनकी वर बघत उभी राहिली. तोच मागून गावातल्या पोरींची हाक आली, "ए सोनकी, येतेस का खेळायला?"