षड्जाची जागा

"कापू का, बुवा?"

हेरंबने फोन गादीवर ठेवला, पण हात काही मागे घेतला नाही.

"काय कापायचं?" नरहरबुवांनी विचारलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. बोलणं कुजबुजीवर आलं होतं, आणि गाणं... तो विषय मिरजेत त्यांच्यासमोर कोणी काढत नसे.

"डेमोतल्या मोकळ्या जागा. महोत्सवाच्या लोकांना आज संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. स्टुडिओवाला म्हणतो, तुम्ही मध्येच गप्प का होता? नुसता तानपुरा वाजत राहतो."

"मग का होतोस गप्प?"

"कळत नाही."

हे सांगताना हेरंबला फार जड गेलं. एरवी स्वारीला सगळंच कळत असे. बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसण्यात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. आता एकट्याने गायचं, नाव काढायचं, असं मनाशी घोकत तो स्टुडिओत गेला होता. आणि पहिल्याच घासाला खडा!

"कापलं की गाणं सलग होईल. तुम्ही फक्त हो म्हणा."

"लाव."

यमन सुरू झाला. हेरंबचा सूर सावकाश वर चढत निषादापाशी पोचला... आणि थांबला. ज्यावर सूर विसावायचा तो वरचा सा, पुढचा षड्ज, आलाच नाही. नुसता तानपुरा.

बुवांचा उजवा हात पांघरुणातून बाहेर आला. वर गेला. मान ताठ झाली, ओठ उघडले. आवाज आला नाही. हात सावकाश खाली आला, आणि फोनमधला हेरंब पुढे गाऊ लागला.

दुसरी मोकळी जागा आली. पुन्हा तसंच.

तिसऱ्या खेपेला तर जागा यायच्या आधीच बुवांनी हात उचलला.

हेरंब बघतच राहिला.

बुवांच्या बैठकीचा रिवाजच तसा होता. मागे बसणाऱ्याने सूर निषादापर्यंत न्यायचा आणि सोडून द्यायचा. षड्जावर यायचा मान पुढे बसलेल्याचा. स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून एकटा बसला असतानाही हेरंब त्यांच्यासाठी थांबला होता. पुढे कोणी बसलेलं नाही, हे त्याच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं.

नाव नको, महोत्सव नको. बुवांचा तो एक षड्ज पुन्हा ऐकायला मिळावा, एवढंच त्याला वाटत होतं.

गाणं संपलं.

"नाही कापत, बुवा," हेरंब म्हणाला. "आहे तसंच पाठवतो."

"म्हणजे लोक म्हणतील, नरहरबुवांचा शिष्य गाता गाता विसरला."

"म्हणू देत."

"मला नाही चालायचं ते." बुवांना धाप लागली. ते जरा थांबले. "कापू नकोस, आणि रिकामंही ठेवू नकोस. परत जा. त्या जागी तू षड्ज लाव."

"मी?..."

"दुसरं कोण आहे तिथं?"

"माझ्याने नाही व्हायचं, बुवा. ती तुमची जागा आहे."

"होती."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. त्याने वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून फोनकडे हात नेला.

बुवांनी फोनवर आपला तळवा ठेवला.

"जाशील रे. त्याआधी एकदा पहिल्यापासून लाव... मघाशी माझा षड्ज जरा खाली लागला."