राखून ठेवलेली चूल

फार पूर्वी, राजेरजवाडे होते तेव्हा, एका नगरात एक आचारीण राहायची. हाताला चव अशी की खाणारे बोटं चाटत उठायचे. पण बाईला एक खोड होती. चूल घडीभर रिकामी दिसली की तिचा जीव खालीवर व्हायचा. एक घाणा निघाला की दुसरा कढईत पडलाच पाहिजे.

राजकन्येच्या साखरपुड्यालाही तिने असाच बेत आखला. आधी जिलेबी, लगेच त्याच तुपात ओव्याची शेव. पण थंडी पडली आणि जिलेबीचं पीठ काही आंबेना. आता वाट बघेल ती आचारीण कसली! तिने शेव आधी उरकून घेतली. मग व्हायचं तेच झालं. ओव्याच्या वासाची जिलेबी तोंडात धरून व्याही एकमेकांकडे बघत बसले.

राणी म्हणाली, “बाई, लग्नात असं झालं तर पुन्हा मुदपाकखान्याची पायरी चढू नका.”

आचारिणीला रडू कोसळलं. याच मुदपाकखान्यात तिची हयात गेली होती.

लग्नासाठी तिने टिकणारी शेव आदल्या दिवशीच तळली, आणि लग्नादिवशी एका चुलीवर नुसतं कोरं तूप ठेवलं.

कारभारी म्हणाला, “ही चूल रिकामी का? अनारसे टाका की. ढीग दिसला पाहिजे.”

तिचे हात शिवशिवले. पण ती म्हणाली, “नाही कारभारी, हिच्यावर काही टाकायचं नाही.”

जिलेबी ऐन रंगात आली, आणि भरली कढई बुडाशी गळू लागली! तूप चुलीत, चुलीत भडका, जिकडेतिकडे धूर. तेवढ्यात वेशीवर सनई वाजली. वऱ्हाड वेळेआधीच येऊन ठेपलं होतं. कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आचारीण मात्र पीठ उचलून कोऱ्या तुपाकडे धावली. चर्र करून पहिली जिलेबी फुलली, मागोमाग दुसरी, आणि बाईला आनंदाने गावंसं वाटू लागलं. पंगतीत व्याही जिलेबी मागून मागून खात होते.

राणीने विचारलं, “कढई गळणार हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही, राणीसाहेब. काहीतरी अडणार एवढं ठाऊक होतं. त्याच्यासाठी चूल राखली होती.”

तात्पर्य: ज्याच्या बेतात खोळंब्याला जागा नसते, त्याचा सगळा बेतच खोळंबतो.