माहेरची वाळू

एका राज्यात समुद्रसुद्धा राजाला मुजरा करून मागे फिरतो, असे लोक सांगत. भरतीच्या लाटा राजवाड्याच्या पायरीपर्यंत येत, माथा टेकत आणि परत जात. राजाचे नाव नीलध्वज. त्याला एकुलती एक लेक, शुक्तिका. ती जन्मली त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या वाळूतून कासवांची पिल्ले निघाली, आणि राजाला आनंद आवरेना.

"माझ्या लेकीच्या बरोबरीची ही लेकरं," राजा म्हणाला, "आणि ती तापल्या वाळूतून चालणार? पाय पोळतील त्यांचे!"

त्याने मखमली पालख्या आणवल्या. पिल्ले पालखीत बसून वाजतगाजत समुद्रात गेली. पुढे दर वर्षी तोच थाट. भोयांचे पाय वाळूत रुतू लागले, म्हणून किनाऱ्यावर संगमरवर बसला. राजमांत्रिकाने आकाशातून तुटलेला तारा झेलला आणि शुक्तिकेच्या नावाने मनोऱ्यावर दिवा लावला; तो वाऱ्याने विझेना, पाण्याने विझेना. अति तिथे माती म्हणतात. इथे तर मातीसुद्धा शिल्लक राहिली नाही!

हळूहळू कासविणी यायच्या थांबल्या. राजाच्या ते ध्यानीही आले नाही. राजेलोकांना थाट दिसतो, पाहुणे कमी झालेले दिसत नाहीत.

शुक्तिका मोठी झाली, सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, दिवस उलटूनही गेले. शुक्तिकेने गाणे म्हटले की बाळ पोटातून हुंकार देई, पण बाहेर येईना. वैद्यांनी हात टेकले, सुइणींनी हात टेकले, मांत्रिकाचे मंत्र सरले. लेक वाळत चालली. राजा तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडला.

तेव्हा खिडकीत एक पांढरा कुरव पक्षी येऊन बसला.

"राजा, रडून झालं असेल तर ऐक. समुद्रात एक थोरली कासवीण आहे. तुझ्या वाळूवरून आपल्या पायांनी चालत गेलेली ती शेवटची. हा तिचा शाप आहे."

"मी तिचं काय वाईट केलं?"

"तिच्या लेकींचं माहेर तोडलंस. कासवीण जिथे जन्मते, तिथेच बाळंतपणाला येते. पण जन्मल्यावर त्या वाळूत पाय पोळल्याशिवाय तिला माहेर ओळखता येत नाही. तू पाय लागूच दिले नाहीस. आता त्या लेकी पोटात अंडी घेऊन सातही समुद्र फिरताहेत. थोरली म्हणाली, माझं पहिलं लेकरू या वाळूवरून चालत समुद्रात जाईल, तेव्हाच राजाची लेक मोकळी होईल."

राजाचा चेहरा उतरला. वैर केले असते तर क्षमा तरी मागता आली असती. त्याने माया केली होती.

"उपाय सांग," तो म्हणाला.

"तीन आहेत. दिवा विझव, कारण उजेडाच्या किनाऱ्यावर कासवीण चढत नाही. मग दगड काढ. तिसरा, वेळ आली की सांगेन. तोच अवघड."

ज्याच्या नावाने लावला, त्याच्याच फुंकरीने विझेल असा तो दिवा होता. अवघडलेली शुक्तिका भिंतीला धरून मनोरा चढली. वर पोचून तिने एक फुंकर घातली. तारा विझला. तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले, की समुद्राला स्वतःचा उजेड असतो. क्षितिजापाशी निळसर, मंद, जणू पलीकडे कोणी जागे आहे.

दगड मात्र मजुरांच्या पहारींनी हलेनात. राजाने मुकुट उतरवून हात लावला, तेव्हा शिळा हलली. वजन काही कमी झाले नाही. ज्याने घातली त्यानेच काढायची, एवढेच. तळव्यांची साले निघाली, पण खालची वाळू पुन्हा उन्हाला लागली.

आणि एका तिन्हीसांजेला लाट फुटली, ती मागे गेली, पण तिच्यातला एक काळा खडक मागे गेला नाही. तो चालू लागला. थोरली आली होती! भरतीच्या रेषेपलीकडे, कोरड्या वाळूत ती थांबली. मागच्या पायांनी तिने ओंजळ-ओंजळ वाळू उपसली. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद, घागरीसारखा खळगा झाला. त्यात ओली, पांढरी, गोल अंडी पडत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

राजाने हात जोडले. "माई, रडतेस?"

"डोळ्यांतलं मीठ आहे, राजा. थोडं मायेचंही."

तिने खळगा बुजवला, अंगाने चोपला, आणि कोणाला जागा कळू नये म्हणून चहूकडे वाळू उडवली. मग ती समुद्राकडे वळली.

"लेकरांसाठी थांबणार नाहीस?"

"माहेरी ठेवून चालले आहे," ती म्हणाली, आणि मागे न पाहता गेली.

राजा वाळूत राखणीला बसला. वाळू अंडी उबवत राहिली. एका पहाटे ती खचली, आणि त्याच घटकेला वाड्यात शुक्तिकेला कळा सुरू झाल्या.

कुरव म्हणाला, "तिसरं काम. हात लावायचा नाही."

पहिले लेकरू बाहेर आले. तळहातावर मावेल एवढे. चार पावले चालले आणि राजाच्याच पावलाच्या ठशात उलटे पडले. पाय हवेत हलवू लागले. बाकीची खळग्याच्या तोंडाशी थबकली.

"बाबा!" वाड्यातून शुक्तिकेची किंकाळी आली. "बाबा, सहन होत नाही!"

एका बोटाचे काम होते. राजाचा हात पुढे गेला.

"उचललंस तर त्याला समुद्र मिळेल," कुरव म्हणाला, "माहेर मिळणार नाही."

राजाने हात मागे घेतले आणि तो स्वतःच्या हातांवरच बसला. ओठ चावून त्याने लेकीच्या किंकाळ्या ऐकल्या. लेकरू धडपडले, थकले, निपचित झाले. मग त्याने मान वाळूत रोवली, एक हिसडा दिला आणि ते सुलटे झाले. ठशाची कड चढायला त्याला डोंगर चढण्याएवढा वेळ लागला. लाट आली, त्याला घेऊन गेली.

वाड्यात बाळ रडले.

दासी धावत आली. "महाराज, नात झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. चला!"

राजा उठला नाही. सारी वाळू जिवंत झाली होती. पिल्ले त्याच्या गुडघ्यांवरून, मांडीवरून चालली होती. त्याचे गाल भिजले होते.

"हळू बोल," तो म्हणाला. "लेकी सासरी निघाल्या आहेत."

यथाकाळ त्या भरल्या पोटाने परत आल्या. जशी त्यांना वाट सापडली, तशी तुमच्या-माझ्या लेकींनाही सापडो.