आगाऊ राघू आणि जांभई देणारे पुतळे

एका राज्यात मुकुट होता, राजदंड होता, पण युवराज नव्हता. युवराज भद्रसेन शापित खजिना आणायला काळ्या टेकडीवरच्या मांत्रिकाच्या महालात गेला, तो परतलाच नाही. त्याच्याआधी गेलेले चाळीस वीरही परतले नव्हते. म्हाताऱ्या राजानं अंथरूण धरलं. तेव्हा धाकटी राजकन्या मंजुलेखा म्हणाली, "खजिना राहू दे त्या मांत्रिकाला. मी माझ्या भावाला घेऊन येते."

महालाच्या अंगणात चाळीस दगडी पुतळे उभे होते. भाऊ त्यांत नव्हता. मंजुलेखेनं एकेकाचं तोंड निरखलं. सगळ्यांचे जबडे उघडे. पण हे किंचाळत नव्हते, हे जांभया देत होते! आता मला सांगा, जिवावर उदार होऊन आलेल्या वीराला जांभई यावी, यात काही काळंबेरं नाही का? राजकन्येला तर तिथंच संशय आला.

पहिल्या दाराच्या कमानीवर एक राघू बसला होता. दारावर चांदीच्या पंधरा चकत्या होत्या. त्या सरकवून मोर जुळवायचा होता. ती चकतीला हात लावते न लावते तोच राघू बोलला, "राजकन्ये, चोच डावीकडे घे, मग पिसारा वर."

"मी तुला विचारलं का?"

"नाही. तरी सांगतो."

त्यानं शेवटच्या चकतीपर्यंत सगळं सांगितलं आणि ते खरं निघालं. दार उघडलं. आणि राजकन्येला भलीमोठी जांभई आली. सकाळची वेळ, झोप पुरेपूर झालेली! तिनं खाली पाहिलं, तर उजव्या पायाचा अंगठा दगडाचा झाला होता.

न मागता मदत करणाऱ्यांचा मला तरी नेहमीच संशय येतो. तिलाही आला. तिनं शेल्याची किनार फाडली, राघूला धरलं, त्याची चोच करकचून बांधली आणि त्याला काखेत मारून आत गेली.

दुसऱ्या दारापाशी तीन पितळी घडे होते. आठ मापांचा भरलेला, पाच मापांचा आणि तीन मापांचा हे दोन रिकामे. नेमकी चार मापं पाणी दगडी नागाच्या मुखात ओतायची होती. तिनं ओतून पाहिलं, चुकलं. चूक झाली की मोठा घडा आपोआप पुन्हा भरे. दुपार झाली, ऊन कललं, पन्नास वेळा चुकलं. ती रडकुंडीला आली. लहान घडा तिनं भिंतीवर भिरकावला आणि घरी जायला वळलीसुद्धा. पण भावाला तसाच टाकून जाणार कशी? ती परत फिरली आणि राघूची चोच सोडली.

"खबरदार, उत्तर सांगशील तर! मी कुठं चुकते, तेवढंच सांग."

राघू दचकला. "सातशे वर्षांत असं कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "लहान घडा भरला की तू तो जमिनीवर ओततेस."

ती थबकली. मग हसली. लहान घड्यातलं पाणी तिनं मोठ्या घड्यात परत घातलं, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवलं, आणि मधल्या घड्यात नेमकी चार मापं उरली. नाग पाणी प्यायला, दार उघडलं, अंगठा पुन्हा हाडामांसाचा झाला.

तिसऱ्या दालनात भद्रसेन बसला होता, छातीपर्यंत दगड. पुढ्यात काचेच्या सोंगट्यांचा पट, कोपऱ्यात एक सोंगटी एकटीच अडकलेली. एकीवरून दुसरीनं उडी मारायची, जिच्यावरून उडी पडली ती उचलायची, शेवटी मधोमध एकच उरली पाहिजे. शेजारी तरणाबांड मांत्रिक कुपी घेऊन उभा होता. आयतं उत्तर मिळालं की माणूस कंटाळतो आणि कंटाळलेल्याचा हुरूप जांभईवाटे बाहेर पडतो. तो हुरूप मांत्रिक कुपीत भरून पिई, म्हणून सातशे वर्षांचा असून तिशीचा दिसे.

मांत्रिकानं वाकून मंजुलेखेच्या कानात पटाचं सगळं उत्तर सांगितलं. गोड हसून म्हणाला, "भावाला सांग. सुटेल बिचारा."

"मंजू, सांग ना," भद्रसेन म्हणाला. "मला वीट आलाय." त्यानं जांभई दिली. दगड गळ्यापर्यंत चढला, हात तेवढे मोकळे उरले.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तिनं ओठ इतका चावला की रक्त आलं.

"नाही सांगणार, दादा."

"मी मरतोय, मंजू!"

"कोपऱ्यातली सोंगटी एकटी पडली, तेव्हा तू कुठं बघत होतास?"

भद्रसेन चिडला. मग त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सोंगट्या पुन्हा मांडल्या, कोपऱ्यापासून सुरुवात केली. एकदा फसला, स्वतःच "छे!" म्हणाला, पुन्हा मांडल्या. दगड गळ्यावरून छातीवर उतरला, छातीवरून कमरेवर. त्याला ते कळलंही नाही.

शेवटची उडी पडली आणि कुपी फुटली. मांत्रिक तिथल्या तिथं सातशे वर्षांचा झाला आणि त्याची राख उडाली. अंगणात चाळीस वीरांनी तोंडं मिटली. राघू रानात उडून गेला. खजिना उघडा पडला.

"चल दादा," मंजुलेखेनं डोळे पुसत त्याचा हात धरला. "आबा वाट बघताहेत. राज्य खोळंबलंय."

भद्रसेन सोंगट्या पुन्हा मांडत होता.

"थांब गं, फक्त एक डाव," तो म्हणाला. "आणि काही बोलू नकोस."