गिअरचं लायसन्स

परदेशात शिकताना मला वाटायचं, ज्याला गाडी येते त्यालाच लायसन्स मिळतं. आमच्या तालुक्यातल्या आरटीओ कॅम्पात पाहिलं, तर रांगेतले सगळे पुरुष एजंटच्या एकाच बिनगिअरच्या स्कूटरवर इंग्रजी आठ काढत होते आणि गिअरच्या लायसन्ससाठी पास होत होते.

मी मोटरसायकल आणली होती. डोंगरातल्या पाड्यांवर औषधं पोचवायला तीच हवी होती. इन्स्पेक्टर गुंजाळांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"लेडीजना आपण बिनगिअरचंच देतो. गिअरमध्ये गोंधळ होतो ताई तुमचा."

"बरं साहेब." मी चावी पुढे केली. "मग ही गाडी मी घरी नेली तर गुन्हा होईल. पास झालेल्यांपैकी कुणाला तरी न्यायला सांगा."

"एवढंच ना? जा रे कुणीतरी!"

एक मिशीवाला ऐटीत बसला. त्याने क्लच सोडताच गाडीने उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्याची कंबर अचानक धरली. तिसरा चहाला गेला तो गेलाच.

"साहेब," मी विचारलं, "गोंधळ नेमका कुणाचा होतो?"

रांग खो खो हसली. साहेबांनी घाम पुसला. "काढा आठ," ते पुटपुटले.

मी पाय न टेकता आठ काढला आणि गिअरसाठी पास झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मिशीवाला दारात उभा. "ताई, गिअर शिकवाल का? गुपचूप."

तेव्हाच ठरवलं, शिकवणी काढायची. प्रवेशाची अट एकच: गिअरचं लायसन्स आधीच मिळालेलं असावं.