विदरशमची अर्धी मरणघंटा

इंग्लंडच्या सफक परगण्यातील विदरशम या गावात, गव्हाची कापणी संपली की ऑगस्टमधल्या एका सकाळी आठ वाजता चर्चची घंटा वाजते. ती सरवा वेचण्याची घंटा आहे. कापणीनंतर शेतात गळून राहिलेल्या ओंब्या गोरगरिबांनी वेचून न्याव्यात, ही रीत आपल्याइतकीच तिकडेही जुनी होती. आता विदरशममध्ये कोणी सरवा वेचत नाही. यंत्रे वेचण्याजोगे काही मागे ठेवत नाहीत. घंटा मात्र वाजते, आणि तीही चमत्कारिक रीतीने. आधी दोन टोल, थांबून दोन, पुन्हा थांबून दोन. मग बराच वेळ काहीच नाही. दोरी तुटली की काय, असे पाहुण्यांना वाटू लागते, तेव्हा ती एकदम मोकळ्या, जलद लयीत घणघणू लागते.

पहिले सहा टोल आनंदाचे नव्हेत. त्या भागात दोनदोन टोल तीनदा वाजले, की गावातली बाई वारली असे समजत. पुरुषासाठी तीनतीन वाजत. त्यामागून मृताच्या वयाइतके टोल पडत. शेतातली माणसे हातातले काम थांबवून मोजत, आणि कोण गेले ते निरोपाविना ओळखत. सुगीची घंटा अशा अर्ध्याच मरणघंटेने का सुरू व्हावी, याचे उत्तर चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मिसेस लिंग मनोऱ्याच्या पायथ्याशी उभ्या राहून देतात. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. "ऐकलं तसं सांगते," असे त्या आधीच बजावतात. "खरं किती, ते तुमचं तुम्ही बघा."

गोष्ट राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतली. साल कोणी सांगत नाही. रेल्वे बाजारगावापर्यंत आली होती आणि विदरशमला आली नव्हती, एवढेच सांगतात. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवती बांधलेले गाव. जन्म, लग्न, मरण, गरिबांची मदत आणि कुणाची डुकरे कुणाच्या शेतात शिरली याचा निवाडा, सारे त्या चर्चच्या आवारात होई. सरव्याचेही तसेच. शेतातल्या सगळ्या पेंढ्या उचलल्या, तरी शेतकरी एक पेंढी मुद्दाम मधोमध उभी ठेवी. बायका तिला 'शिपाई' म्हणत. शिपाई उभा असेपर्यंत शेत मालकाचे. तो उचलला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा वाजे आणि सगळ्या एकदमच आत शिरत; हेतू हा, की धडधाकट बाईने तान्ह्या मुलाच्या आईआधी शेत साफ करू नये. हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी बायका आपल्यातलीच एक 'राणी' निवडत. घंटेआधी जी आत शिरे, तिच्या ओटीतल्या ओंब्या राणी सर्वांसमक्ष मातीत पसरून टाकी. सरव्याच्या गव्हावर मजुराच्या घरची भाकरी ख्रिसमसच्या पुढपर्यंत निघे. ज्या घरी तो नसे, त्या घराची वाट हिवाळ्यात बाजारगावच्या वर्कहाउसकडे वळे. निराधारांना तेथे कामाच्या मोबदल्यात पोसत, आणि नवऱ्याला बायकोपासून, आईला मुलांपासून वेगळे ठेवत.

त्या काळची राणी होती केझाया थ्रोअर. विधवा, मूलबाळ नाही, जिभेला धार. तिचा नवरा वर्कहाउसमध्ये वारला होता. तेथे मेलेल्यांसाठी घंटा वाजत नसे. घंटेचा आवाज जिवाला वाटेवर सोबत करतो, अशी त्या माणसांची समजूत होती. आपला माणूस त्या वाटेने मुक्याने गेला, हे केझायाला कधी विसरता आले नाही. तिने व्रत घेतले होते म्हणे: काहीही होवो, आपण वर्कहाउसमध्ये मरणार नाही, आणि आपली घंटा विदरशमच्या मनोऱ्यातूनच वाजेल. घंटा वाजवणाऱ्या जॉब गॉस्लिंगला ती रस्त्यात भेटली, की दोरी शाबूत आहे ना, असे विचारी. जॉब हा चर्चचा क्लार्क. प्रार्थनेत मोठ्याने 'आमेन' म्हणावे, आवारातले गवत कापावे आणि घंटा वाजवावी, ही त्याची कामे. तो तिला म्हणे, "दोरी शाबूत आहे, केझाया. तूच शाबूत राहा."

मग गावातले सर्वांत मोठे शेत मिस्टर डेबनम यांच्याकडे आले. ते दुष्ट होते असे मिसेस लिंग म्हणत नाहीत. हिशेबी होते म्हणतात. ते चर्चवॉर्डनही होते, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणारे. त्यांनी गळलेल्या बऱ्याचशा ओंब्या गोळा करणारे, घोड्याने ओढायचे नवे दाताळे आणले होते. राहिलेले दाणे खायला डुकरे होती. सरवा हा गरिबांचा हक्क नाही असे वरिष्ठ न्यायालयाने फार पूर्वीच ठरवले होते, आणि ते डेबनमना ठाऊक होते. सुगीच्या आधी गावसभेत त्यांनी जॉबला ताकीद दिली: सरव्याची घंटा चर्चच्या उपासनेचा भाग नाही, यंदा ती वाजणार नाही.

कापणी संपली. शिपाई उचलला गेला, आणि घंटा वाजली नाही. बायका फाटकापाशी उभ्या राहिल्या. एकही आत गेली नाही, यावर सगळ्यांचे एकमत आहे. बाहेरच्याला हे नवल वाटेल. पण घंटेविना आत जाणे त्यांच्या लेखी चोरी होती. स्वतः केझायाने त्यासाठी कितीतरी ओट्या मातीत रित्या केल्या होत्या. डेबनम घोड्यावरून आले आणि सोमवारी दुपारी डुकरे सोडणार असल्याचे सांगून हसत म्हणाले, "महाराणींचा दरबार भरलेला दिसतोय."

केझायाने विचारले, "घंटा वाजली, तर आत येऊ ना, मालक?"

"घंटा वाजली तर खुशाल या. घंटेआधी मात्र एक पाऊलही नको."

हे सगळ्यांनी ऐकले. मिसेस लिंग येथे थांबतात आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहतात.

रविवारी उपासनेनंतर जॉब आवाराच्या भिंतीशी विळ्याला धार लावत बसला होता. केझाया त्याच्याजवळ गेली. मेलेल्यासाठीची घंटा अडवण्याचा अधिकार चर्चवॉर्डनला आहे का, असे तिने विचारले. जॉब म्हणाला, तो बिशपलाही नाही. तेव्हा तिने आपली घंटा दुसऱ्या दिवशी आठ वाजता मागितली.

जॉबने विळा खाली ठेवला. जिवंत माणसाची मरणघंटा वाजवणे म्हणजे देवाच्या घरातून खोटे बोलणे, आणि डेबनम आपल्याला कामावरून काढतील ते वेगळेच, असे तो म्हणाला. केझायाने ऐकून घेतले. "एका जिवाला एक घंटा," ती म्हणाली. "माझी अजून वाजायची आहे. कधी वाजवायची तेवढं मी ठरवतेय. दुसरी मागायला येणार नाही."

तिने काय मागितले ते गावात त्याच्याइतके कोणालाच कळण्यासारखे नव्हते. शेवटी त्याने विचारले, "वय किती वाजवू?"

"सदुसष्ट धर. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

सोमवारी आठ वाजता टोल पडले: दोन, दोन, दोन. मग वय. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, लोहाराने हातोडा खाली ठेवला, सारे गाव मोजू लागले. फाटकाशी केझाया बायकांमध्ये उभी होती आणि तीही मोजत होती. कोणासाठी वाजते आहे ते इतर बायकांना आकडा पुरा होता होता उमगले, असे सांगतात. शेवटचा टोल विरला तेव्हा ती म्हणाली, "घंटा वाजली. जा." त्या गेल्या. ती स्वतः फाटकाबाहेरच थांबली. घंटा झालेल्या बाईला पीठ कशाला हवे, असे तिचे म्हणणे होते.

डेबनम थेट मनोऱ्यात गेले. कोण मेले, असे त्यांनी विचारले, आणि केझायाचे नाव ऐकून म्हणाले, ती तर फाटकाशी उभी दिसते आहे.

"कोणी या जगातून जात असेल तर घंटा वाजवावी, असा चर्चचा नियम आहे, मालक," जॉब म्हणाला. "ती चाललीच आहे. किती वेगानं, ते नियमात नाही."

डेबनमनी त्या दिवशी डुकरे सोडली नाहीत. घंटा वाजली तर खुशाल या, हे शब्द त्यांनी भर फाटकात उच्चारले होते, आणि ते दिल्या शब्दाबाबतही हिशेबीच होते. जॉबला त्यांनी कामावरून काढले नाही. का, ते कोणाला माहीत नाही.

संध्याकाळी बाहेर पडताना प्रत्येक बाईने आपल्या ओटीतली मूठभर ओंब्या केझायाच्या ओटीत टाकल्या. ती म्हणाली, "मेलेल्या बाईला तुम्ही बरंच खायला घालता गं." त्याच पिठावर तिने हिवाळा काढला आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर ती वारली. व्रताचा अर्धा भाग असा पुरा झाला.

उरलेल्या अर्ध्यासाठी गाव जॉबकडे गेले. पाद्रीसाहेबांनी परवानगी दिली. डेबनमनीही हरकत नसल्याचे कळवले म्हणे. पण जॉबने दोरीला हात लावला नाही. मरण्यापूर्वी केझायाने त्याला बोलावून शपथ घातली होती: "पुन्हा वाजवलीस तर पहिली खोटी ठरेल. मग घरोघरी जे पीठ आहे ते चोरीचं ठरेल." ज्या मुलांनी ती भाकरी खाल्ली होती, ती तिच्या शवपेटीमागून चालली. मनोरा गप्प होता. नवऱ्यासारखीच तीही मुक्याने गेली.

पुढच्या सुगीत डेबनमनी घंटेविषयी चकार शब्द काढला नाही. आठ वाजता जॉब मनोऱ्यात चढला आणि त्याने दोन, दोन, दोन टोल दिले. मग तो थांबला. शपथ मोडली, असे म्हणत पाद्रीसाहेब धावत आले. जॉबचे उत्तर विदरशममध्ये अजून तोंडपाठ आहे: "वय वाजवल्याशिवाय मरणघंटा होत नाही, साहेब. मी वय वाजवलेलं नाही." एवढे बोलून त्याने सरव्याची घंटा सुरू केली.

या गोष्टीला लेखी आधार नाही. केझायाची समाधी दाखवता येत नाही. त्या काळी मजुरांच्या थडग्यांवर दगड क्वचितच असे. घंटा कोणी न ओढता आपोआप वाजली, असाही एक पाठ आहे आणि पाहुण्यांना तोच आवडतो. मिसेस लिंग तो सांगत नाहीत. केझाया त्याच सकाळी आठच्या ठोक्याला खरोखरच वारली, असे दुसरा पाठ म्हणतो. हे दोन्ही पाठ नीटस आहेत, म्हणूनच शंकास्पद वाटतात. चमत्काराने सगळ्यांचीच सुटका होते: जॉबला खोटे बोलावे लागत नाही आणि केझायाला काही गमवावे लागत नाही. गावाने जपलेल्या पाठात मात्र बाई हिवाळाभर जगते, आपण काय देऊन बसलो ते तिला रोज ठाऊक असते, आणि ते परत घेण्याची संधी आल्यावर ती नाकारते. असे मुद्दाम रचावे, यात कोणाचा काय लाभ, ते सांगता येत नाही.

आजही ऑगस्टमध्ये ती घंटा वाजते. सहा टोलांनंतरची शांतता म्हणजे वाजवणाऱ्याची विश्रांती, असे पाहुण्यांना वाटते. तसे नाही. त्या वेळी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात दोरीवर असतात आणि ओठ किंचित हलत असतात. दोरी न ओढता तो सदुसष्टपर्यंत मोजत असतो.